गांधीजयंतीच्या तारखेचं बँकेचं पत्र आणि माझे 1,16,900 रुपये

जुनी गाडी घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचा. हसायचं असेल तर नंतर हसा. दलाल कसे असतात, मीटर कसं मागे फिरवतात हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं.

घरात सीएनजीची वॅगन आर आहे. डिकीत टाकी, त्यामुळे सामान मांडीवर. आमचं भजनी मंडळ मुलुंडहून डोंबिवली-बदलापूरपर्यंत जातं. पेटी, पखवाज आणि चार माणसं मावतील अशी दुसरी गाडी लाखाच्या आत हवी होती. आपल्याकडे स्टेशन वॅगन फारशा चालल्या नाहीत, म्हणून जुन्या स्वस्तात मिळतात. बलेनो अल्टुराच्या पार्टसाठी वणवण करावी लागते, ऑक्टेविया कॉम्बीचा खर्च परवडत नाही. टाटा इंडिगो मरीना मात्र इंडिकाच्याच घराण्यातली, कुर्ल्यात बरंच काही मिळून जातं. तेव्हा गाडीची निवडच चुकली, असं कोणी मला सांगू नये.

2008 ची मरीना, सांगितले 1,10,000, ठरले 92,000. टोकन 5,000, बँकेतून 60,000, रोख 27,000. वर नाव बदलून देण्याचे 6,500. रोख दिली हीच चूक, असं मेहुणे आजही जेवताना ऐकवतात. अहो, जुन्या गाडीच्या व्यवहारात रोख कोण देत नाही?

कळायला हवं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. ऑक्टोबर 2021, दसरा तोंडावर आलेला. मी मोबाइलवर एम-परिवहन हे सरकारी ॲप उघडून गाडीचा नंबर टाकला. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) दिसत होता. म्हणजे मी तपासलं होतं! दलालाने लगेच प्लास्टिकच्या फोल्डरमधून बँकेचं ‘कर्ज फिटलं’ असं पत्र काढलं. लेटरहेड, निळा गोल शिक्का, सही. "साहेब, बोजा उतरवायचं काम आपलं, तुम्ही पूजेचं बघा." पत्रावर तारीख होती 2 ऑक्टोबर. मी ती वाचली, तिचा फोटोही काढला. गांधीजयंतीला कुठली बँक उघडी असते? हा फोटो अजून फोनमध्ये आहे आणि दिसला की डोकं फिरतं.

नुसत्या पत्राने बोजा उतरत नाही, हेही लक्षात ठेवा. फॉर्म 35 लागतो, त्यावर मालकाची आणि बँकेची, दोघांची सही हवी. मला दिले ते फक्त नाव बदलायचे फॉर्म 29 आणि 30, आधीच सह्या केलेले. मालक म्हणून ज्याच्याशी फोनवर बोललो तो दलालाचाच पोरगा निघाला.

नंतर मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला. एरवी गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ, आणि तिच्याखाली पट्टा कडक झालेला. त्या जुलैत चिपळूण, महाड बुडालं होतं. ही गाडी कुठल्या पाण्यातली ते देव जाणे. वायरिंग आणि ब्रेकचे 18,400 गेले. गाडी बघायला जाल तेव्हा चारही बेल्ट पूर्ण ओढा. आत कुबट वास लपवायला अत्तराचा घमघमाट असेल तर तिथूनच परत फिरा.

आता आपल्या यंत्रणेबद्दल. बँक म्हणाली पत्र आमचं नाही, आणि कर्जाचं काही सांगणार नाही, कारण तुम्ही खातेदार नाही. आरटीओ म्हणालं मालकाला आणा. मालक आरसीवरच्या पत्त्यावर राहतच नाही. पोलीस ठाण्यात आधी हद्दीवरून वाद, पैसे मुलुंडहून गेले आणि गाडी ठाणे शहरात घेतली म्हणून. मग साहेब म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे काका, कोर्टात जा." खोट्या शिक्क्याचं पत्र दिवाणी? फसवणूक हा दखलपात्र गुन्हा आहे. अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितलं आहे. मी तसं म्हटल्यावर मला उत्तर मिळालं, "मग त्यांच्याकडेच जा." अर्ज घेतला, पण त्यावर बारनिशीचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का मारायलाही हुज्जत. तो घेतल्याशिवाय उठू नका, पुढे पोलीस उपायुक्तांकडे नाहीतर मॅजिस्ट्रेटकडे जाताना तोच कामाला येतो. माझा अर्ज उपायुक्तांकडून फिरून त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर आला.

त्यात 2023 मध्ये गाडीची पंधरा वर्षं भरली. नोंदणी वाढवायची तर मालक हवा, भंगारात काढायची तरी मालक हवा. सोसायटी पार्किंगचे पैसे मात्र माझ्याकडूनच घेते, तिथे कोणी मालक कोण ते विचारत नाही.

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. आधी ते मागा. मालकाला समोर बसवा, आधार आणि आरसीवरचं नाव ताडून बघा, पैसे त्याच्याच खात्यात टाका. बँकेचं पत्र असेल तर स्वतः त्या शाखेत जाऊन विचारा. आणि निम्मी रक्कम आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत हातात ठेवा. दलाल चिडेल. चिडू द्या.

माझा दलाल अजून धंद्यात आहे. नंबर बदललाय, पण परवा एका जाहिरातीच्या फोटोत गाडीमागे तीच निळ्या पत्र्याची शेड दिसली. सांगतो आहे 85,000, आणि खाली लिहिलंय ‘बँकेचं पत्र तयार’.