ट्यूब अँप की मॉडेलिंग? ठाण्यात फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिक गिटारचं रेकॉर्डिंग करायचं तर

नुसत्या आवाजाचं बोलायचं तर ट्यूब अँपला (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर) तोड नाही, त्यावर वाद नको. पण गोची अशी की खरा गोडवा येतो पॉवर सेक्शनवर (अँपचा स्पीकरला जोर देणारा भाग) ताण आला की, आणि तोवर ५ वॉटचा पिटुकला अँपसुद्धा घोडबंदरच्या वन बीएचकेमध्ये असला बोंबलतो की वरच्या काकू खाली येतात. बरं, १०० ऐवजी १० वॉटचा घेतला तरी कानाला आवाज साधारण निम्माच वाटतो, दहावा हिस्सा नाही, हे दुकानात कोण सांगतंय! वर माइक, स्टँड, आणि टाइल्सवरून आपटणारा खोलीचा घुमारा फुकट. एसएम५७ माइक स्पीकरच्या मधून जरासा कडेला सरकवला की कर्कशपणा उतरतो, ती सरकवासरकवी मात्र लय मजेची.

मॉडेलिंगला, म्हणजे सॉफ्टवेअरने अँपची नक्कल करायला, इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा), हेडफोन, लॅपटॉप, बस्स. इंटरफेसला इन्स्ट्रुमेंट इनपुट (गिटार थेट लावायची जागा) हवाच, नाहीतर टोन दबतो. न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर तर फुकटच आहे. ४८ किलोहर्ट्झला बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलचा ठेवला तर एका बाजूचा उशीर पावणेतीन मिलिसेकंदही होत नाही, येऊन-जाऊन थोडं वाढतं पण वाजवताना खटकत नाही. फक्त कॅबचा (स्पीकरच्या खोक्याचा) आयआर, म्हणजे त्याच्या आवाजाची छाप असलेली फाइल, लावा, त्याशिवाय डिस्टॉर्शन म्हणजे डब्यात कोंडलेली माशी. आणि कोरी (बिनअँपची) गिटार रेकॉर्ड झालेली असते, टोन नंतर हवा तेव्हा बदला.

हेडफोनवर स्पीकरचा धक्का अंगाला लागत नाही, हे खरंय. तरी फ्लॅटमध्ये मी मॉडेलिंगच घेईन. ट्यूबची हौस असेल तर तासावर जॅमरूम घ्या आणि घरचा कोरा टेक रीअँप बॉक्समधून (रेकॉर्ड केलेला सिग्नल अँपला चालेलसा करणारा डबा) तिथल्या अँपला द्या.