रेनमीटर : तारीख मराठीत, मुदत लाल रंगात

गेल्या दिवाळीपासून मी विंडोजवर रेनमीटर हे डेस्कटॉपवर माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर रोज वापरते आहे, घरच्या लॅपटॉपवर आणि ऑफिसच्या मशीनवरही. नोकरी कर सल्लागाराकडे आहे, म्हणजे जीएसटी, टीडीएस, हिशेब. सकाळी दहाला बसलं की संध्याकाळपर्यंत समोर तोच पडदा असतो. त्यावर काय दिसावं हे आपलं आपण ठरवता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. रेनमीटर मला आवडलं ते याच कारणासाठी. त्याचे सजवलेले स्क्रीनशॉट पाहून जे वाटतं, त्याचा या आवडीशी फारसा संबंध नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. रेनमीटर आयकॉन बदलत नाही, टास्कबारला हात लावत नाही. इंटरनेटवरच्या चित्रांमध्ये हे सगळंच बदललेलं दिसतं, पण त्यासाठी वेगवेगळी सॉफ्टवेअर लागतात. रेनमीटरचं काम एकच: डेस्कटॉपवर छोटे छोटे फलक ठेवायचे. त्यांना स्किन म्हणतात. घड्याळ, प्रोसेसरवरचा ताण, डिस्कवरची मोकळी जागा, नेटचा वेग, बॅटरी अशी माहिती त्यांवर दिसते. विंडोज ७ च्या काळात डेस्कटॉपवर गॅजेट असायची. सुरक्षेच्या त्रुटींमुळे मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये ती बंद करायचा सल्ला दिला आणि पुढे विंडोजमधून ती गेलीच. ज्यांना त्यांची आठवण येते त्यांनी इकडे यावं. रेनमीटर त्या गॅजेटांपेक्षा जुनं आहे, २००१ पासूनचं. पूर्ण मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, जाहिरात नाही, लॉगिन नाही.

बसवल्यावर इलुस्ट्रो नावाचा साधा संच आपोआप उघडतो. पुढचे काही दिवस बहुतेक जण करतात तेच मीही केलं: आकर्षक स्किन उतरवणं. डॉट आरएमस्किन फाइलवर दोनदा क्लिक केलं की संच बसतो. मोंड नावाचं मोठ्या अक्षरांचं घड्याळ खरोखर देखणं आहे. पण त्यावर वार इंग्रजीत येतो आणि मला तो मराठीत हवा होता. तिथून पुढे मी स्किन शोधणं सोडलं आणि लिहायला घेतलं.

ही स्किन म्हणजे मुळात एक साधी मजकूर फाइल असते, डॉट आयएनआय. तिच्यात दोन प्रकारच्या नोंदी. मेझर म्हणजे माहिती कुठून घ्यायची, आणि मीटर म्हणजे ती कशी दाखवायची. एका मेझरने वेळ घ्यायची, एका मीटरने ती अक्षरांत दाखवायची, एवढ्यावर घड्याळ तयार होतं. मी प्रोग्रामर नाही. एक्सेलमध्ये फॉर्म्युले लिहिण्याची सवय आहे आणि तेवढी पुरली.

मराठीचा भाग सविस्तर सांगते, कारण हे एका जागी लिहिलेलं मला कुठे मिळालं नाही. पहिली अडचण फाइलच्या एन्कोडिंगची, म्हणजे फाइलमध्ये अक्षरं साठवायच्या पद्धतीची. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून नोटपॅड नवी फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. रेनमीटरच्या फाइलमध्ये देवनागरी लिहायची तर ती यूटीएफ-१६ एलई हवी. नाहीतर 'सोमवार'च्या जागी परदेशी चिन्हांचा ढीग दिसतो आणि माणसाला वाटतं की या सॉफ्टवेअरला मराठी जमत नाही. जमतं, आणि उत्तम जमतं. 'सेव्ह ॲज'मध्ये खाली एन्कोडिंगची यादी असते, तिथे एकदा निवडायचं की काम झालं. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं नीट उमटतं.

वार आणि महिन्याची नावं हातानं लिहावी लागत नाहीत. वेळेच्या मेझरमध्ये फॉरमॅटलोकेल नावाचा पर्याय आहे. त्यात मराठीचा कोड, एमआर-आयएन, घातला की विंडोजकडची नावं थेट येतात: शुक्रवार, एप्रिल, जुलै. आकडे मात्र इंग्रजीच राहतात. त्यावर सबस्टिट्यूट हा पर्याय आहे. शून्याच्या जागी ०, एकाच्या जागी १, असे दहा बदल एका ओळीत लिहायचे. यातली चांगली गोष्ट अशी की सबस्टिट्यूट फक्त दिसणारा मजकूर बदलतो, आतली संख्या तशीच राहते. त्यामुळे तीच संख्या पुढे बेरीज-वजाबाकीला वापरता येते. पुढे हे फार उपयोगी पडलं.

मग फॉन्ट. विंडोजमधल्या निर्मलावर काम चालतं, पण त्यात ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मला आपल्या वळणाचे हवे होते, म्हणून टिरो देवनागरी मराठी घेतला. तो त्याच नावाने हिंदी आणि संस्कृतसाठीही वेगळा मिळतो, तेव्हा उतरवताना मराठीचाच घ्या. तो ठळक वजनात मिळत नाही, म्हणून घड्याळाच्या मोठ्या आकड्यांना मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरते. त्यात अगदी बारीक ते अगदी जाड अशी सात वजनं आहेत. दोन्ही फॉन्ट फुकट आहेत. ते विंडोजमध्ये बसवायचीही गरज नाही, स्किनच्या रिसोर्सेस फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचं फोल्डर करून ठेवले तरी रेनमीटर ते उचलतं. एक सूचना: मीटरची उंची ठरवून देऊ नका. इंग्रजी अक्षरांच्या अंदाजाने उंची दिली की 'शुक्रवार'मधला उकार खालून कापला जातो.

आता ज्या स्किनवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे ती. आमच्या कामात महिना तीन तारखांभोवती फिरतो. टीडीएस भरायचा ७ तारखेला, जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र) ची मुदत ११, आणि ३बी (जीएसटीचं गोषवारा विवरणपत्र) ची २०. तिमाही भरणाऱ्यांची तारीख वेगळी, महाराष्ट्रात त्यांची ३बी २२ तारखेला. हे सगळं कॅलेंडरमध्ये लिहिलेलं असतंच, पण कॅलेंडर उघडावं लागतं. मी तीन ओळींचा एक फलक केला: कामाचं नाव आणि उरलेले दिवस. कॅल्क नावाचं आकडेमोडीचं मेझर मुदतीच्या तारखेतून आजची तारीख वजा करतं. तीन किंवा कमी दिवस उरले की इफकंडिशन हा अट तपासणारा पर्याय त्या ओळीचा रंग लाल करतो. मुदत उलटली की ती ओळ पुढच्या महिन्याच्या १ तारखेपर्यंत लपते. तारखा फाइलमध्ये वर, व्हेरिएबल्स नावाच्या भागात, वेगळ्या ठेवल्या आहेत. सरकारने मुदत वाढवली की तो एक आकडा बदलायचा आणि रिफ्रेश करायचं. मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरता येतो, म्हणून एप्रिलमध्ये तो आकडाही हातानं बदलते.

हे काम गुंतागुंतीचं नाही. पण ब्राउझर, टॅली, पोर्टल सगळं मिटवून क्षणभर डेस्कटॉपवर आलं की उजव्या कोपऱ्यात '३बी : ४ दिवस' दिसतं आणि पुढच्या कामाचा क्रम मनात आपोआप लागतो. आमच्या सरांनी एकदा मागे उभं राहून ते पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे माझ्याही मशीनवर घालून दे." आता ते ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर आहे.

हवामानाच्या स्किनच्या नादी लागू नका असं मी सांगेन. त्या बाहेरच्या संकेतस्थळावरून माहिती खेचतात आणि तिकडे काही बदललं की इकडे फलक रिकामा. याहूने २०१९ च्या सुरुवातीला जुनी हवामान सेवा बंद केली तेव्हा तिच्यावर चालणाऱ्या कितीतरी स्किन एकदम मेल्या. त्या अजूनही डाउनलोडच्या याद्यांमध्ये आहेत आणि नव्या माणसाला चूक आपली की स्किनची हे कळत नाही. उतरवण्याआधी शेवटचा बदल कधी झाला ते पाहावं.

मशीन हळू होतं का, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. माझा लॅपटॉप ८ जीबीचा, जुना आहे. टास्क मॅनेजरमध्ये रेनमीटर शोधावं लागतं इतकं ते कमी खातं. पण हे स्किनवर अवलंबून आहे. प्रत्येक स्किनमध्ये अपडेटचा आकडा मिलिसेकंदांत असतो, साधारणपणे १०००, म्हणजे सेकंदाला एकदा. गाण्याबरोबर नाचणाऱ्या पट्ट्यांच्या स्किनमध्ये तो १६ च्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला साठेक वेळा. तशा दोन-तीन लावल्या तर पंखा फिरणारच. माझ्या मुदतीच्या फलकाला सेकंदाची गरज नाही, तो मिनिटाला एकदा जागा होतो.

सुरक्षेबद्दलही गंभीरपणे सांगते. आरएमस्किन संचात मजकूर फाइलबरोबर प्लगइन, म्हणजे डीएलएल, येऊ शकतं. तो तुमच्या मशीनवर चालणारा कोड आहे. ऑफिसच्या मशीनवर पक्षकारांचे पॅन, बँकेचे तपशील असतात. तिथे मी दुसऱ्याची एकही स्किन बसवलेली नाही, सगळ्या हातानं लिहिलेल्या. कोणालाही नोंदवहीसारखी उघडून वाचता येईल अशीच वस्तू कामाच्या ठिकाणी असावी, असं माझं ठाम मत आहे.

बाकी सेटिंग्ज मॅनेजच्या खिडकीत सापडतात. 'क्लिक थ्रू' सुरू करा, म्हणजे फलक आयकॉनच्या वर आला तरी क्लिक खाली जातो. जागा पक्की झाली की 'ड्रॅगेबल' बंद करा. सगळी मांडणी लेआउट म्हणून साठवता येते. माझे दोन लेआउट आहेत. घरच्यात मुदती नाहीत, त्याऐवजी गडांवर काढलेले फोटो एकेक करून येतात. कोट नावाचं प्लगइन रेनमीटरबरोबरच येतं, ते फोल्डरमधली कुठलीही एक फाइल निवडून देतं.

रेनमीटर कोणी घेऊ नये? ज्यांना बटण दाबून सगळं हवं आहे त्यांनी. इथे रंग बदलायचा तरी फाइल उघडावी लागते, आणि मदतीची सगळी पानं इंग्रजीत आहेत. पण ती पानं इतकी नेटकी लिहिलेली आहेत, प्रत्येक पर्यायाला उदाहरण आहे, की शब्द ओळखीचे झाले की वाट सापडते. अडलं तर अबाउटच्या खिडकीत लॉग असतो, कुठल्या स्किनचं काय बिनसलं ते तिथे लिहिलेलं येतं.

नव्या मशीनवर नेताना डॉक्युमेंट्समधलं रेनमीटरचं स्किन्स फोल्डर उचला आणि ॲपडेटाच्या रोमिंगमधलं रेनमीटर फोल्डरही घ्या. लेआउट आणि फलकांच्या जागा त्या दुसऱ्यात असतात. फॉन्ट रिसोर्सेसमध्ये ठेवले असतील तर तेही सोबतच जातात.