तगून राहण्याच्या गोष्टी: जिद्द वाचावी की हतबलता?

तगून राहण्याच्या गोष्टी वाचण्याच्या दोन वाटा आहेत. पात्राने काय केलं ते बघायचं, किंवा त्याच्या हाती काय उरलंच नव्हतं ते बघायचं.

पहिली वाट सोपी. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मधला (१९५२) म्हातारा ८४ दिवस मासा मिळाला नाही तरी पुन्हा समुद्रात जातो. झाली जिद्दीची कथा! पण शार्क त्याचा मासा फस्त करतात, किनाऱ्याला सांगाडाच लागतो, त्याचं काय? ‘तरी तो हरला नाही’ म्हणून वाचक मोकळा होतो. मला ही पळवाट वाटते.

काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’ला (१९१५) ही वाट चालतच नाही. त्यातला फिरता विक्रेता ग्रेगोर एका सकाळी किडा होऊन जागा होतो आणि चिंता कसली, तर गाडी चुकल्याची! शरीर गेलं, नोकरीची भीती शाबूत. म्हणजे हतबलता त्या सकाळी आलेली नाही. आईबापांच्या कर्जाच्या रूपाने ती आधीपासूनच घरात होती. ‘तो लढला का नाही?’ हा प्रश्नच इथे गैरलागू. बापाने फेकलेलं सफरचंद त्याच्या पाठीत रुतून राहतं, ते काढायलाही कुणी धजत नाही.

माझा कौल या दुसऱ्या वाचनाला. फक्त त्यात एक खोट आहे: पात्र निव्वळ बळी होऊन बसतं आणि त्याचे बारीक हट्ट नजरेतून सुटतात. खोली रिकामी केली जात असताना ग्रेगोर भिंतीवरच्या एका चित्राला चिकटून बसतो. ते मात्र तो नेऊ देत नाही.