भरीव वर्तुळ: त्रिकोणांचा पंखा की शेडर?

जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) भरीव वर्तुळ काढताना बहुतेकांची गाडी याच फाट्यावर थांबते. केंद्राभोवती त्रिकोणांचा पंखा लावायचा, की एक चौकोन टाकून फ्रॅगमेंट शेडरमध्ये (दर पिक्सेलला चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) प्रत्येक पिक्सेलचं केंद्रापासूनचं अंतर मोजायचं? मी दोन्ही करून पाहिलं आहे.

सुरुवात पंख्याने केली. ३२ त्रिकोण, ६० पिक्सेलची त्रिज्या, काम फत्ते. जीवा आणि कंस यांच्यातलं अंतर त्रिज्या × (१ − cos(π/n)) एवढं असतं (n म्हणजे त्रिकोणांची संख्या), म्हणजे इथे जेमतेम ०.३ पिक्सेल. मेटल आणि वेबजीपीयू या ग्राफिक्स प्रणालींमध्ये फॅन, म्हणजे पंखा, हा प्रकारच नाही, तिथे त्रिकोणांची साधी यादी द्यावी लागते. पण ती किरकोळ बाब.

खरा वैताग झूमने दिला. त्रिज्या १००० झाली की तीच चूक पाच पिक्सेलच्या घरात जाते आणि वर्तुळाचा बहुभुज उघडा पडतो. मग त्रिज्येनुसार n बदलायला लागलो. पाव पिक्सेलच्या आत राहायचं तर १००० त्रिज्येला १४१ त्रिकोण पुरतात, म्हणजे गणित काही अवघड नव्हतं. पण झूम चालू असताना n बदलला की सगळे शिरोबिंदू किंचित सरकायचे आणि कड फडफडल्यासारखी दिसायची. n दुप्पट-दुप्पट करून पाहिला, म्हणजे जुने बिंदू जागेवर राहतात. फडफड कमी झाली, गेली नाही. एकदा ती दिसली की नजर दुसरीकडे जातच नाही.

शेडरमध्ये हा प्रश्नच उरला नाही. length(p) − r, म्हणजे केंद्रापासूनचं अंतर वजा त्रिज्या, त्यावर fwidth च्या (शेजारच्या पिक्सेलपर्यंत होणाऱ्या बदलाच्या) रुंदीचं smoothstep, म्हणजे हळूहळू चढणारी पायरी. कड कुठल्याही झूमला सारखीच मऊ. चौकोनाचे साधारण २१ टक्के पिक्सेल कोपऱ्यांत वाया जातात, पण मला त्याचा फरक कधी जाणवला नाही. जुन्या मोबाइलवर कदाचित जाणवेल. चौकोन मात्र वर्तुळापेक्षा पिक्सेलभर मोठा ठेवा. मी नेमका मापाचा ठेवला होता, तर वर्तुळ चारही बाजूंनी तासल्यासारखं चपटं दिसत होतं.

त्रिमितीय दृश्यात मात्र मी पंख्याच्या बाजूने झुकेन. शेडरची अर्धपारदर्शक कड डेप्थ बफरशी (काय पुढे, काय मागे याच्या पिक्सेलनिहाय नोंदीशी) भांडते, मागून पुढे क्रम लावत बसावं लागतं. एमएसएएसोबत (पिक्सेलमागे अनेक नमुने घेऊन कड मऊ करण्याच्या पद्धतीसोबत) त्रिकोण तिथे निमूट वागतात.

लंबवर्तुळाला अंतराचं सोपं सूत्र नाही. त्याच्या समीकरणातल्या F ला (कडेवर शून्य होणाऱ्या मूल्याला) त्याच्या ग्रेडियंटच्या, म्हणजे बदलाच्या दराच्या, लांबीने भागून जवळपासचं उत्तर मिळतं, आणि फार चपटा आकार नसेल तर तेवढं चालतं. वर्गीय बेझिए वक्रांसाठी (तीन नियंत्रणबिंदूंनी ठरणाऱ्या वक्रांसाठी) लूप आणि ब्लिन यांची २००५ची युक्ती आहे: वक्राच्या त्रिकोणाच्या शिरोबिंदूंना u, v हे निर्देशांक देऊन आत u² − v चं चिन्ह पाहायचं. तीही पिक्सेललाच विचारते, म्हणून असेल, मला पटकन पटली. आतला सरळ भाग मात्र तिथेही त्रिकोणांनीच भरावा लागतो, त्यामुळे पंख्याचा कोड मी अजून पुसलेला नाही.