पडत चाललेला छोटा सॅटेलाइट ट्रॅक करायचाय: हातातला यागी की गच्चीवरचा फिक्स अँटेना?

भावा, आधी एवढं ठरव, तुला त्या क्यूबसॅटचा (डब्याएवढ्या छोट्या सॅटेलाइटचा) डेटा पायजे का तो किती झपाट्यानं खाली येतोय ते पायजे. अँटेना त्यावरच ठरणार. रेडिओ सिग्नल घेणारा यूएसबी डोंगल, लॅपटॉप, सॅटेलाइट कधी कुठं येणार ते सांगणारं जीप्रेडिक्ट सॉफ्टवेअर, हे दोन्हीकडं सारखंच.

यागी म्हणजे एका दांडीवर आडव्या काड्या लावलेला, एकाच दिशेचं ऐकणारा अँटेना. त्याचा सिग्नल एक नंबर, वादच नाही. ४३७ मेगाहर्ट्झला एलिमेंट (त्या काड्या) साधारण ३३ सेंटीमीटरचे, उद्यमनगरात ॲल्युमिनियमचा रॉड कापून घ्यायचा, बूमला (मधल्या दांडीला) लाकडी पट्टी पण चालते. सॅटेलाइट क्षितिजाजवळ असताना टेलिमेट्री (सॅटेलाइट स्वतःबद्दल पाठवतो तो डेटा) डीकोड करायची असेल तर यागीच लागतो.

पण घोळ टीएलईचा आहे, म्हणजे सॅटेलाइटच्या कक्षेचे आकडे, ज्यावरनं जीप्रेडिक्ट वेळ काढतं. हवेच्या ड्रॅगनं (विरोधानं) सॅटेलाइट खाली आला की उलट वेग वाढतो आणि फेरी छोटी होते, ४०० किलोमीटर उंचीला साडेब्याण्णव मिनिटं तर २०० ला साडेअठ्ठ्याऐंशीच, म्हणजे टीएलई दोन-चार दिवस जुना असला की गडी सांगितलेल्या वेळेआधीच हजर. २०० किलोमीटरवर नुसता एक मिनिट लवकर आला तरी साडेचारशे किलोमीटर पुढं गेलेला असतो, तू यागी डोक्यावर धरून उभारलेला आणि तो पासष्ट-सत्तर अंश बाजूला! हातात असेल तर फिरवून शोधशील तरी, रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) मात्र इमानदारीत चुकीच्या जागेकडं बघत बसतो. म्हणून या कामाला रोटेटरवर पैसे घालू नकोस. त्यात सूर्य खवळला तर विषयच संपला, वरची हवा फुगते आणि ड्रॅग वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे नवे ४९ सोडले आणि त्यातले ३८ असेच गेले.

आता फिक्स अँटेना. सतरा-सतरा सेंटीमीटरच्या दोन दांड्या, १२० अंशाचा व्ही, आडवा बसवला की झालं. क्षितिजाजवळचं फारसं काही ऐकू येत नाही हे खरंय, पण ४०० वरनं २०० ला आला की डोक्यावरून जाताना सिग्नल चौपट होतो, म्हणजे यागीची गरजच कमी होत जाते. आणि तो सगळीकडं बघतो, त्यामुळं टीएलई चुकला तरी पास (सॅटेलाइटची वरून जायची फेरी) सुटत नाही. तू कामावर असलास तरी रेकॉर्डिंग चालू. डॉप्लर करेक्शन (सॅटेलाइटच्या वेगानं सरकणारी फ्रिक्वेन्सी आपोआप जुळवणं) बंद ठेव, लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरनं सिंक कर, मग वॉटरफॉलमध्ये (वेळेप्रमाणं फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रात) मूळ फ्रिक्वेन्सीच्या दहा किलोहर्ट्झ वरनं दहा किलोहर्ट्झ खाली सरकणारी रेघ दिसते, ती सगळ्यात जोरात उतरते तो क्षण म्हणजे सॅटेलाइट सगळ्यात जवळ. ती वेळ आणि जीप्रेडिक्टची वेळ यातला फरक रोज लिहीत गेलास की तो किती घाईत आहे ते कळतं. यागीवर हात हलला की हीच रेघ मधेच तुटते.

पावसाळ्यात आपल्याकडं गच्चीवर छत्री आणि यागी एकदम धरणं म्हणजे सर्कसच, पण फिक्सचा कनेक्टर सील केला नाहीस तर कोॲक्समध्ये (अँटेनाच्या केबलमध्ये) पाणी शिरणार. पास पण छोटा होतो, ४०० ला दहा मिनिटं मिळायची ती २०० ला सातच, तेवढ्यात जिना चढून पोचायचं का बघ.

काहीच घ्यायचं नसेल तर सॅटनॉग्ज या हौशी लोकांच्या नेटवर्कवर जगभरच्या स्टेशनांची रेकॉर्डिंग फुकट ऐकता येतात.

माझं मत विचारशील तर पडणाऱ्यासाठी फिक्स, यागी नंतर वरच्या सॅटेलाइटसाठी कर. शेवटी शेवटी टीएलई रोज नवा घे, आणि एखादा पास रिकामा गेला म्हणून पडला असं लगेच सांगत सुटू नकोस, बॅटरी आधीच मेलेली असू शकते.