मातीतल्या जिवाणूकडून जास्त लायपेज: एकेक घटक बदलावा की सांख्यिकी आराखडा वापरावा?

ट्रायब्युटिरिन (एक साधी चरबी) घातलेल्या अगारवर जिवाणूच्या वसाहतीभोवती वलय दिसलं आणि ऑलिव्ह तेल व रोडामिन बी हा रंग घातलेल्या प्लेटवर अतिनील दिव्याखाली नारिंगी चमक आली, की जिवाणू लायपेज (चरबी फोडणारं एन्झाइम) सोडतोय असं म्हणता येतं. नुसत्या वलयावर थांबू नये, कारण ट्रायब्युटिरिनला साधी एस्टरेजंही (छोटे एस्टर फोडणारी एन्झाइमं) फोडतात. पुढे उत्पादन वाढवायचे दोन मार्ग आहेत: बाकी सगळं स्थिर ठेवून एका वेळी एकच घटक बदलायचा, किंवा प्लॅकेट-बर्मन (महत्त्वाचे घटक चाळून काढणारा सांख्यिकी आराखडा) आणि त्यानंतर प्रतिसाद-पृष्ठ पद्धत (निवडलेल्या घटकांच्या सर्वोत्तम पातळ्या शोधणारी) वापरून अनेक घटक एकदम हलवायचे.

आधी फ्लास्कचा हिशेब. तापमान, पीएच, तेल, पेप्टोन (नायट्रोजनचा स्रोत) आणि शेकरचा (फ्लास्क हलवणाऱ्या यंत्राचा) वेग हे ५ घटक प्रत्येकी ५ पातळ्यांवर तपासले तर २५ फ्लास्क, प्रत्येकाचे तीन संच केले तर ७५. प्लॅकेट-बर्मन १२ फ्लास्कमध्ये ११ घटकांपर्यंत चाळणी लावतो. घटक ५च असले तर आराखड्याच्या तक्त्यात रिकामे राहिलेले ६ स्तंभ प्रयोगातली त्रुटी मोजायला कामी येतात. त्यातून निवडलेल्या ३ घटकांच्या बॉक्स-बेन्केन या प्रतिसाद-पृष्ठ आराखड्याला ५ मध्यबिंदू (सगळे घटक मधल्या पातळीवर असलेले फ्लास्क) धरून १७ फ्लास्क लागतात. एकूण २९. पण एवढ्यावर निर्णय घेऊ नये.

एकेक घटकाच्या पद्धतीची खरी उणीव अशी. १५० आरपीएमवर ०.५, १, १.५ आणि २ टक्के तेल घालून पाहिलं आणि १ टक्का सरस ठरला. मग १ टक्का कायम ठेवून वेग बदलला. २०० आरपीएम आणि २ टक्के तेल असा फ्लास्क या क्रमात कधी लागतच नाही. वेग वाढला की तेलाचे थेंब बारीक होतात, प्राणवायूही जास्त मिळतो, त्यामुळे जास्त तेल पेलण्याची शक्यता तिथेच असते. घटकांची ही परस्परक्रिया आराखड्यातला प्रतिसाद-पृष्ठ टप्पाच पकडतो.

उलट, आराखड्यात आंधळेपणाने उतरलात तर तोही फसवतो. प्लॅकेट-बर्मन दोनच पातळ्या पाहतो. उत्पादनाचा कळस पीएच ७.५ला असेल आणि तुम्ही ६ व ९ निवडलेत, तर दोन्हीकडे सारखंच कमी उत्पादन येऊन पीएचचा परिणाम शून्य दिसतो आणि सर्वांत महत्त्वाचा घटक बाद होतो. मध्यबिंदूचे ३ फ्लास्क जोडले तर ही वक्रता उघडी पडते. सेंट्रल कॉम्पोझिट या दुसऱ्या प्रतिसाद-पृष्ठ आराखड्यात तेलाची कक्षा ० ते २ टक्के ठेवली तर ३ घटकांसाठी कक्षेच्या बाहेर जाणारा बिंदू उणे ०.६८ टक्के येतो, जो बनवताच येत नाही. तिन्ही घटक एकाच वेळी टोकाला नेल्यावर वाढ खुंटत असेल तर बॉक्स-बेन्केन बरा, त्यात कोपऱ्याचे बिंदू नसतात.

म्हणून आमचं मत: दोन्ही वापरा, पण कामं वाटून. तेलाचा प्रकार, नायट्रोजनचा स्रोत आणि काढणीची वेळ एकेक घटकाने ठरवा. २५० मिलि फ्लास्कमध्ये ५० मिलि माध्यम, २ टक्के इनॉक्युलम (पेरणीसाठी वाढवलेले जिवाणू), दर १२ तासांनी ७२ तासांपर्यंत नमुना. उशिरा काढलं तर जिवाणूचीच प्रोटिएजं (प्रथिनं कापणारी एन्झाइमं) लायपेज कापू लागतात. ग्लुकोज या टप्प्यावर टाळा. अनेक जिवाणूंत ते लायपेजची निर्मिती दाबतं. तापमानही इथेच ठरवा. शेकर एकच असेल तर फ्लास्कगणिक तापमान बदलता येत नाही, मग क्रम यादृच्छिक राहत नाही आणि विश्लेषण चुकतं. आराखड्याकडे तेल, पेप्टोन, कॅल्शियम, सुरुवातीचा पीएच असे घटक सोपवा. कॅल्शियम क्लोराइड वेगळं ऑटोक्लेव्ह करून थंड माध्यमात मिसळा, नाहीतर फॉस्फेटबरोबर साका बसतो.

मार्ग कुठलाही घ्या, मोजणी सगळ्या फ्लास्कसाठी एकाच पीएचला आणि एकाच तापमानाला करा, उदाहरणार्थ पीएच ८ आणि ३७ अंश सेल्सिअस. फ्लास्क ज्या पीएचला वाढवला त्याच पीएचला मोजलं तर उत्पादन वाढलं की एन्झाइमची क्रियाशीलता, हे कळत नाही. शिवाय मोजणीसाठी पॅरा-नायट्रोफिनाइल पाल्मिटेट (लायपेजने फोडलं की पिवळा रंग देणारा पदार्थ) वापरत असाल तर पीएच ६ला पिवळा रंग फिका पडतो आणि ४१० नॅनोमीटरचं वाचन खोटं कमी येतं. सेंट्रिफ्यूजनंतर वर तरंगणारा तेलाचा थर टाळून मधला स्वच्छ द्रवच पिपेटने घ्या. वाढ मोजताना तेलाचा गढूळपणा ओडीत (द्रवाच्या गढूळपणावरून वाढ सांगणाऱ्या वाचनात) भर घालतो, म्हणून वसाहती मोजा.

शेवटी मॉडेलने सुचवलेल्या स्थितीत ३ फ्लास्क लावा आणि प्रत्यक्ष आकडा भाकिताशी ताडून पाहा. सुचवलेला बिंदू कक्षेच्या कडेवर येत असेल तर कळस अजून बाहेर आहे. कक्षा त्या दिशेला सरकवून आराखडा पुन्हा लावावा लागेल.