पोकेमॉन सन-मून आणि अल्ट्रा सन: झी-मूव्हसाठी तरी हे गेम खेळायलाच हवेत

पोकेमॉनच्या मुख्य गेम्समध्ये हल्ली दर पिढीला एखादा नवीन हुकमी वार येतो. २०१३ च्या एक्स-वायमध्ये मेगा इव्होल्यूशन आलं, २०१९ च्या स्वोर्ड-शील्डमध्ये डायनामॅक्स, २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये टेरास्टल, आणि मधे २०१६ च्या सन-मूनमध्ये झी-मूव्ह आल्या ज्या पुढच्याच पिढीत काढूनही टाकल्या. मला विचाराल तर या सगळ्यात झी-मूव्हच उजव्या, कारण ताकद कुणालाही मिळते पण तिची किंमत मोजावी लागते, आणि ती कुठे कशी मोजायची हे ठरवण्यातच खरी मजा आहे. मेगा इव्होल्यूशन ठरावीक पोकेमॉनपुरतंच होतं, तुमचा आवडता त्या यादीत नसला की संपलं. इथे तसं नाही, मॅजिकार्पपण झी-मूव्ह मारू शकतो, आणि ती वाया जातेच असंही नाही, त्यावर पुढे लिहितो.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेम घडतो अलोला नावाच्या बेटांवर, जी सरळ सरळ हवाईवरून घेतलेली आहेत, बेटाच्या प्रमुखाला काहुना म्हणतात ते पण तिकडचंच. आधीच्या गेम्ससारखे जिम (लीडरला हरवून पुढे जायची ठिकाणं) नाहीत, त्याऐवजी प्रत्येक बेटावर ट्रायल असतात आणि ट्रायल जिंकली की बहुतेक वेळा झी-क्रिस्टल मिळतो, काही क्रिस्टल बेटांवर कोपऱ्याकापऱ्यात चौथऱ्यावर ठेवलेलेही सापडतात. मनगटात झी-रिंग, पोकेमॉनच्या हातात क्रिस्टल, आणि त्या पोकेमॉनला क्रिस्टलच्या टाइपची (आग, पाणी, गवत अशा प्रकाराची) किमान एक मूव्ह येत असली पाहिजे, एवढं जुळलं की लढाईत निन्टेन्डो थ्रीडीएस या हातातल्या मशीनच्या खालच्या स्क्रीनवर झी-पॉवरचं बटण दिसतं. ते दाबायचं, मूव्ह निवडायची, मग ट्रेनर हात आडवे घालून पोझ देतो आणि वार होतो. एका लढाईत एकदाच! अख्ख्या टीमला मिळून एकदा, प्रत्येक पोकेमॉनला एकेकदा नाही, हे नवीन लोकांच्या पटकन लक्षात येत नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण ही कोष्टकं गेम कुठेच सरळ मांडून दाखवत नाही आणि सगळी गंमत त्यातच आहे. झी-मूव्हची ताकद तुमच्या मूळ मूव्हवर ठरते. मूळ पॉवर ५५ किंवा त्याहून कमी असेल तर झी-मूव्ह १०० ची, ६० ते ६५ ला १२०, ८० ते ८५ ला १६०, ९० ते ९५ ला १७५, १०० ला १८०, ११० ला १८५, १२० ला १९०, आणि १४० किंवा त्याच्या वर काहीही असलं तरी २०० वर थांबते (दोन-चार मूव्हना वेगळे आकडे दिलेत, ते सोडून). म्हणजे बघा, ६० ची मूव्ह दुप्पट होते पण १२० च्या मूव्हला जेमतेम दीडपटीच्या वर थोडंसं मिळतं. वरून पाहिलं तर मोठ्या मूव्हवर क्रिस्टल लावण्यात फायदा कमी असं वाटेल, पण मोठ्या मूव्हना जे तोटे चिकटलेले असतात ते सगळे त्या एका वारापुरते गायब होतात आणि तिथे हिशोब फिरतो. प्रिमरीनाचा हायड्रो पंप ११० चा आहे पण १०० पैकी २० वेळा चुकतो, ऐन वेळेला चुकतोच, त्याचा हायड्रो व्हॉर्टेक्स केला की १८५ ची पॉवर आणि चुकण्याचा प्रश्नच नाही. समोरचा हवेत उडालेला किंवा जमिनीत घुसलेला असेल तरच तो सुटतो. इन्सिनरोअरचा फ्लेअर ब्लिट्झ मारला की स्वतःलाही मार बसतो, इन्फर्नो ओव्हरड्राइव्हमध्ये तो बसत नाही. सोलर बीमला एक टर्न थांबून ऊन गोळा करावं लागतं, ब्लूम डूमला नाही. ओव्हरहीट मारल्यावर स्पेशल अटॅक धाडकन खाली येतो, झी करून मारला तर येत नाही. म्हणून मी टीम बनवताना प्रत्येक पोकेमॉनची सगळ्यात बेभरवशाची मूव्ह आधी शोधतो आणि तिच्यासाठी क्रिस्टल ठेवतो, कारण मारामारीची एखादी भरवशाची मूव्ह रोजच्या कामाला असतेच.

पण मला मनापासून आवडलेला भाग वेगळाच आहे आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात. ज्या मूव्ह मार देतच नाहीत, म्हणजे स्टेटस मूव्ह, त्यांचीही झी-आवृत्ती असते. तिथे मूव्ह तशीच चालते, पण तिच्या आधी एक जास्तीचा फायदा मिळतो आणि तो प्रत्येक मूव्हचा वेगळा असतो. मॅजिकार्पचा स्प्लॅश घ्या, सिरीज सुरू झाल्यापासून काहीही न करणारी मूव्ह, नुसता तडफडतो बिचारा, नॉर्मेलियम-झी (नॉर्मल टाइपचा क्रिस्टल) हातात दिला की त्याच स्प्लॅशने अटॅक एकदम तीन पायऱ्या वर जातो. मॅजिकार्पला वाढवून ग्याराडोस केला आणि स्प्लॅश विसरू दिला नाही तर तोच फायदा ग्याराडोसला मिळतो, आता विचार करा! पोरीगॉन-झीला कन्व्हर्जन दिलं की टाइप बदलतो आणि वर पाचही स्टॅट (अटॅक, डिफेन्स, वेग वगैरे) एकेक पायरी वाढतात, एका टर्नमध्ये, समोरच्याने तेवढ्यात त्याला उडवलं नाही तर पुढे आवरणं कठीण. स्नॉरलॅक्सचं बेली ड्रम अर्धा एचपी (पोकेमॉनचा जीव) घेऊन अटॅक शिखरावर नेतं, एचपी आधीच कमी असेल तर ते चालतच नाही, पण झी केलं तर आधी एचपी पूर्ण भरतो आणि मग ड्रम वाजतो. आणि मेमेंटो! मारणारा स्वतः बेशुद्ध होतो पण त्याच्या जागी येणाऱ्याचा एचपी पूर्ण भरून येतो. टॉन्ट (स्टेटस मूव्ह वापरू न देणारी मूव्ह) लागलेला असला तरी या चालतात, हे पण लक्षात ठेवा. ज्या कुणी बसून शेकडो जुन्या, पडून राहिलेल्या मूव्हना एकेक करून नवीन काम दिलं असेल त्याचं खरंच कौतुक करावंसं वाटतं.

किंमत कुठे मोजायची तर क्रिस्टल हा हातातला आयटम आहे. तो दिला म्हणजे लेफ्टओव्हर्स नाही, फोकस सॅश नाही, चॉइस स्कार्फ नाही. लढाई सुरू होताना समोरच्याला तुमचे पोकेमॉन दिसतात पण कुणाच्या हातात काय आहे ते कळत नाही, त्यामुळे पहिल्या टर्नपासून दोघांच्याही डोक्यात एकच चालू असतं, झी कोणाकडे आहे आणि तो कधी सोडणार. काही जण टीममध्ये दोघांना वेगवेगळे क्रिस्टल देतात, म्हणजे समोर कोण येतं ते बघून ठरवता येतं, पण एकाने वापरला की दुसऱ्याच्या हातातला क्रिस्टल त्या लढाईपुरता निकामी होतो. प्रोटेक्ट केलं तरी झी-मूव्ह पूर्ण अडत नाही, चौथा हिस्सा मार बसतोच, डबल बॅटलमध्ये हे फार महत्त्वाचं ठरतं. उलट मिमिक्यूच्या पहिला वार झेलणाऱ्या बुरख्यावर नाहीतर सब्स्टिट्यूटवर (पोकेमॉनऐवजी मार खाणाऱ्या बाहुल्यावर) झी-मूव्ह वाया घालवायला लावणं हा समोरच्याचा आवडता डाव. आणि टाइपचे नियम जसेच्या तसे लागू, १९० ची फायटिंग झी-मूव्ह घोस्ट टाइपवर मारलीत तर काही होणार नाही.

गोष्टीत याचा पहिला धडा मेलेमेले बेटाचा काहुना हाला देतो. त्याचा क्रॅब्रॉलर ऑल-आउट पमेलिंग ही फायटिंग झी-मूव्ह मारतो आणि तेव्हा तुमची टीम एवढी कच्ची असते की एक जण जातोच. हाउओली स्मशानात रात्री घोस्ट टाइपचा गॅस्टली मिळतो, तो पकडून ठेवा आणि ती मूव्ह येणार असं वाटलं की त्याला पुढे करा. अल्ट्रा सन-अल्ट्रा मूनमधला (सन-मूनच्या वाढवलेल्या आवृत्तीतला) अल्ट्रा नेक्रोझ्मा मात्र खरी परीक्षा आहे. लेव्हल ६०, सगळे स्टॅट वाढवूनच उतरतो, आणि बहुतेक टीमपेक्षा जोरात पळतो. माझ्या मते मिमिक्यू पुढे करा, पहिला वार बुरख्यावर गेला (त्याचा फोटॉन गेझर मात्र बुरख्याला जुमानत नाही) तर शॅडो क्लॉवर घोस्टियम लावून नेव्हर-एंडिंग नाइटमेअर मारा, सायकिक टाइप असल्यामुळे दुप्पट लागतो आणि मोठा लचका तुटतो, उरलेल्यांनी पुढचं बघायचं.

आता जे पटलं नाही ते. ॲनिमेशन लांब आहेत, पोझ, मग झी-पॉवरची झळाळी, मग वार, पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो पण तेच परत परत बघायचं म्हणजे संयम संपतो. जुन्या थ्रीडीएसवर डबल बॅटल चालू असताना गेम अडखळतो हेही खरं. आणि काही खास क्रिस्टल नावालाच खास आहेत. स्नॉरलियमचा पल्व्हरायझिंग पॅनकेक बघायला जबरदस्त, स्नॉरलॅक्स धावत येतो आणि आभाळातून अंग टाकतो, पण पॉवर २१०, आणि त्याच गिगा इम्पॅक्टवर साधा नॉर्मेलियम लावला तरी २०० मिळतातच. वर साधा क्रिस्टल बेली ड्रमलाही चालतो, स्नॉरलियम फक्त गिगा इम्पॅक्टला. दहा पॉइंटसाठी एवढी लवचीकता सोडायची का? मी तरी नाही सोडणार. कोमो-ओचा क्लँगरस सोलब्लेझ मात्र या तक्रारीतून वगळा, १८५ ची पॉवर आणि मारल्यावर स्वतःचे पाचही स्टॅट एकेक पायरी वर. फेअरी टाइपवर चालत नाही म्हणून नशीब समोरच्याचं. टापू नावाच्या रक्षक पोकेमॉनचा गार्डियन ऑफ अलोला समोरच्याचा उरलेल्यातला पाऊण एचपी नेतो, म्हणजे याने कुणी पडत नाही, त्यामुळे तो सुरुवातीलाच मारण्यात अर्थ आहे.

घ्यायचा असेल तर दोघांपैकी अल्ट्रावाला घ्या, कोमो-ओचा आणि मिमिक्यूचा असे नवीन क्रिस्टल त्यातच आहेत आणि लढायाही जास्त कसदार आहेत. गोष्ट मात्र मला साध्या सन-मूनची जास्त आवडते, लिली या पात्राचं आणि तिच्या आईचं प्रकरण तिथे नीट फुलतं. थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी मार्च २०२३ मध्येच बंद झाली आणि एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन खेळणंही बंद आहे, तेव्हा आता सेकंडहँड कार्ट्रिजच शोधावं लागणार, आणि अनोळखी माणसांशी लढण्याऐवजी दोन थ्रीडीएस जवळ ठेवून मित्राशी लोकल वायरलेसवर खेळावं लागणार. थ्रीडीएसला रीजन लॉक आहे, जपानचं कार्ट्रिज अमेरिकेच्या मशीनवर चालत नाही, आपल्याकडे तर मशीन कुणी कुठून आणलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून पैसे द्यायच्या आधी मशीन आणि कार्ट्रिज दोन्ही एकाच रीजनचे आहेत का ते विकणाऱ्याला विचारून घ्या, आणि जमलं तर समोरच लावून बघा.